आत, बाहेर, शेरा

मी अकरा वर्षं माणसांना बाकावर बसवून ठेवलं आणि त्याला परीक्षा म्हटलं. त्या परीक्षेत नक्की काय तपासलं जात होतं, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. कसं कळलं ते लिहून टाकते, म्हणजे पुन्हा विसरायची सोय राहणार नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही माझ्याकडे होतं. गाड्यांचे प्रेस पार्ट बनवणारा कारखाना. कामगार सोडले तर स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, क्वालिटी इथली सगळी भरती मीच करायचे. गेटातून आत आलं की डाव्या हाताला सिक्युरिटीची केबिन. तिच्यापुढं पत्र्याच्या शेडखाली तीन जणांचा लोखंडी बाक, एसटी स्टँडवर असतो तसा, भोकाभोकांचा. भिंतीवर एक पंखा, निम्मा वेळ केबिनकडं आणि निम्मा वेळ बाकाकडं फिरणारा. इंटरव्ह्यूला आलेला माणूस रजिस्टरमध्ये नाव लिहायचा आणि त्या बाकावर बसायचा. त्याला वेळ दहाची दिलेली असायची. साडेअकराच्या आत मी कुणाला वर बोलावल्याचं मला आठवत नाही.

काम असायचं म्हणून नव्हे. पुष्कळदा मी वर चहा पीत बसलेली असायचे. माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब म्हणायचे, "समोर बसल्यावर सगळेच शहाणे असतात. खरा माणूस बाकावर कळतो." ते मला पटलं होतं. ताटकळणारा माणूस चिडतो का, सिक्युरिटीशी हुज्जत घालतो का, निघून जातो का, हे मी खिडकीतून बघायचे. जो निघून गेला त्याच्या बायोडेटावर 'नो पेशन्स' असं लिहून तो फाइलीत टाकायचे. वर आल्यावर दुसरी परीक्षा. बायोडेटा हातात घेऊन दोन मिनिटं काही बोलायचंच नाही. मग एकदम, "तुम्हाला यातलं फारसं काही येत नाही असं दिसतंय." चेहरा पडला की खूण करायची.

याला 'स्ट्रेस इंटरव्ह्यू' म्हणतात, हे मी एका दिवसाच्या वर्कशॉपमध्ये शिकले होते. त्याचा इतिहास फार नंतर वाचला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या हेरसंस्थेनं माणसं निवडताना ही पद्धत वापरली होती. उमेदवाराला काही मिनिटांत स्वतःबद्दल एक खोटी गोष्ट रचायला सांगायचे आणि मग डोळ्यांवर प्रखर दिवा सोडून उलटतपासणी घ्यायचे. शत्रूच्या मुलखात पकडला गेला तर हा टिकेल का, हे त्यांना बघायचं होतं. मला बघायचं होतं ते एवढंच, की हा माणूस चलन आणि बिल जुळवून बघेल का. त्यासाठी मी हेरांची चाळणी लावून बसले होते.

माझी भाची इंजिनिअर झाली तेव्हा खराडीतल्या एका कंपनीतून रडत घरी आली होती. तीन तास बसवलं, मग पाच मिनिटांत "कळवू" म्हणाले, आणि त्या पाच मिनिटांत तिच्या कॉलेजची टिंगल केली. मी तिला जवळ घेतलं नाही. म्हणाले, "नोकरी हवी आहे ना? मग जरा ऐकून घ्यायला शीक. तुमच्या पिढीला दोन तास धीर धरवत नाही." त्यावर ती काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला पटल्याचं लक्षण वाटलं होतं.

माझ्या बाजूनंही कारणं होती, ती लपवत नाही. उमेदवारही कमी नसतात. ऑफर लेटर घेतात, जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. आमचं लेटर दाखवून दुसरीकडं पगार वाढवून घेतात. बायोडेटात लिहिलेलं टॅली प्रत्यक्षात उघडताही येत नाही. अशी दहा माणसं भेटली की अकराव्याला बाकावर बसवताना मनाला काही लागत नाही.

तर झालं असं, की २०२५ च्या मे महिन्यात मालकांनी कारखाना चाकणला हलवायचं ठरवलं. मी राहते धायरीला. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. स्कूटर स्वारगेटला लावायची, नाशिक फाट्याला उतरायचं, पुढं रिक्षा. ते सुख फार दिवस टिकणार नव्हतं. धायरीहून रोज चाकण म्हणजे काय, हे पुणे-नाशिक रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्याला सांगायला नको. मुलगा बारावीत, फ्लॅटचे हप्ते अजून नऊ वर्षांचे. मी नोकरी शोधायला लागले.

जुलैत बाणेरच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. नाव सांगत नाही. जाहिरात 'एचआर मॅनेजर'ची, वेळ सकाळी अकराची. मी पावणेअकराला हजर. रिसेप्शनवरच्या मुलीनं चार पानी फॉर्म हातात दिला. नवरा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलं किती, 'आणखी मुलांचा विचार आहे का'. सत्तेचाळिसाव्या वर्षी! हसू आलं. पण हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला पोटापाण्याच्या कामामुळंच माहीत होतं. बाई म्हणून भरतीत डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानंच मनाई केली होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती मनाई कायम आहे. हे कायदे मी दुसऱ्यांना शिकवते. तरी त्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं आणि फॉर्म परत दिला.

बारा वाजले. साडेबारा वाजले. "सर मीटिंगमध्ये आहेत." केबिन काचेची होती. सर डबा खात होते. सोफा मऊ होता, माझ्या बाकापेक्षा कितीतरी मऊ, आणि वर एसी. पण मऊ सोफ्यावरही दोन तासांनी माणूस तसाच दिसतो. बॅग मांडीवर, फाइल बॅगेवर, नजर दारावर. मला बाथरूमला जायचं होतं. मी दीड तास गेले नाही. नेमकं तेव्हाच नाव पुकारलं तर? ही भीती किती बालिश आहे हे कळत होतं आणि तरी उठवत नव्हतं. माझ्या बाकावरच्यांनाही बाथरूमला जायचं असेल, हे तोवर माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आमच्या गेटाजवळ बाथरूम नव्हतंच.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आत बोलावलं. पहिला प्रश्न, "आडनाव कुठलं हे? मूळच्या कुठल्या तुम्ही?" पुण्यात या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना हवं होतं ते मिळालं की नाही, कळलं नाही. बायोडेटा त्यांच्यापुढं होता, पण वाचलेला नव्हता. "एक्स्पीरियन्स किती?" त्यांनी विचारलं. पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. फार्महाऊसच्या टाइल्सचा विषय होता. त्यांनी इकडंतिकडं कागद शोधला, मग माझा बायोडेटा उलटा केला आणि त्यावर लिहायला लागले. दोन बाय दोन, मॅट फिनिश, १४० बॉक्स, खाली एका हॉलचा नकाशा, त्यात बाणानं दाखवलेलं देवघर. सहा-सात मिनिटं चाललं. फोन ठेवल्यावर त्यांनी तो कागद नीट चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझा बायोडेटा कुणी इतका जपून ठेवला नव्हता.

मग अटी सुरू झाल्या. मॅनेजर म्हणजे तसं नाही, थोडं एचआर, थोडं अकाउंट्स, थोडी माझी पर्सनल कामं. पगार माझ्या चालू पगारापेक्षा कमी. "मिस्टर कमावतातच ना?" त्यातला निम्मा खात्यावर, निम्मा रोख. ओरिजिनल सर्टिफिकेटं दोन वर्षं कंपनीकडं राहतील. शनिवारी पूर्ण दिवस. "मॅनेज होईल ना मॅडम?"

मी म्हणाले, "हो सर, होईल मॅनेज."

खरी कबुली इथं आहे. त्या माणसाचं वागणं हा त्याचा प्रश्न. पण ती वाक्यं ऐकून मी उठले नाही. माझ्या फाइलीत श्रम कायद्याची सर्टिफिकेटं होती, निम्मा पगार रोख म्हणजे पीएफचं काय होतं हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि मी मान हलवून "हो सर" म्हणाले. खाली उतरून बाणेर रोडवर रिक्षा शोधताना ते "हो सर" कानात वाजत राहिलं. हा आवाज मी कुठंतरी ऐकला होता. अकरा वर्षं ऐकला होता. समोर बसलेला माणूस या आवाजात बोलला की मी बायोडेटावर 'गुड अ‍ॅटिट्यूड' लिहायचे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्यावर मी सिक्युरिटीच्या काकांकडून व्हिजिटर रजिस्टर मागवून घेतलं. जुनी दोनही. अनुक्रमांक, नाव, कोठून, कोणाकडे, आत, बाहेर, सही, शेरा. दरमहा त्यावर माझी सही व्हायची, पण वाचलं कधी नव्हतं. इंटरव्ह्यूला आलेल्यांच्या ओळी शोधत गेले. आत ९.५०, बाहेर १.२०. आत ९.४०, बाहेर २.१५. अधूनमधून आत ९.५५, बाहेर १०.४०. या लवकर गेलेल्यांपुढं काकांनी शेरे लिहिले होते. 'दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे म्हणाले.' 'आजारी आईला दवाखान्यात न्यायचे आहे.' एका अकाउंट्सच्या मुलीपुढं, 'मॅडमना दोनदा फोन केला, थांबायला सांगा म्हणाल्या.' ती मुलगी मला आठवली. बायोडेटा चांगला होता, जीएसटीचं काम तिला पक्कं येत होतं. फाइलीत तिच्या नावापुढं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'नो पेशन्स'. ती जागा पुढं चार महिने रिकामी राहिली होती.

मग मी आमच्या स्टोअरकीपरला गाठलं. या गृहस्थांची गोष्ट मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते. साडेतीन तास बाकावर बसले, तोंडातून ब्र नाही, याला म्हणतात माणूस. चहाच्या वेळी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी एवढा वेळ थांबलात, ते कसं काय?"

ते जरा गोंधळले. मग म्हणाले, "मॅडम, गावाकडची गाडी रात्रीची होती. पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं. दुसरीकडं कुठं बसणार? आणि तुमच्या इथं पंखा होता."

माझी अकरा वर्षांची परीक्षा या एका वाक्यात निकालात निघाली. मी धीर मोजत होते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी मोजत होते ती अडचण. ज्याच्याकडं दुसरा पर्याय होता तो उठून गेला, ज्याच्याकडं नव्हता तो बसून राहिला, आणि बसून राहिलेल्यांतून मी माणसं निवडली. मग पाच वर्षांनी कौतुकानं सांगायचं, 'आमच्याकडची माणसं सोडून जात नाहीत.' जातील कशी? न जाऊ शकणारीच मी निवडली होती. स्टोअरकीपर कामाचे निघाले हे माझं नशीब, माझी पारख नव्हे. सोफ्यावर तीन तास पंचावन्न मिनिटं बसलेली मी तरी धीराची कुठं होते? माझ्यामागं फ्लॅटचे हप्ते बसले होते.

यानंतर मी थोडं वाचलं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. मनाला येईल ते विचारायच्या मुलाखतीपेक्षा, सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारलेली मुलाखत माणूस पुढं कसं काम करेल याचा जास्त चांगला अंदाज देते, आणि कामाचाच एक तुकडा करून बघायला दिला तर तोही चांगला अंदाज देतो, असं त्यात दिसतं. त्यांनी तपासलेल्या पद्धतींत बाक कुठंच नव्हता.

पण आपल्याकडं बाक सगळीकडं आहे, आणि तो लांबत चालला आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्यातल्या एका कंपनीच्या वॉक-इनसाठी उभ्या असलेल्या इंजिनिअरांच्या रांगेचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी जुलैत मुंबईला कलिन्यात विमानतळावरच्या कामासाठी सुमारे २,२०० जागांना २५,००० वर माणसं आल्याच्या बातम्या होत्या. गर्दी आवरेना तेव्हा मुलांना अर्ज ठेवून परत जायला सांगितलं गेलं. सामान उचलायच्या कामासाठी पदवीधर मुलं आली होती. असली दृश्यं बघून मी पूर्वी म्हणायचे, बघा, नोकऱ्यांची काय अवस्था आहे. आता मला त्यातला दुसरा धागाही दिसतो. बाहेर एवढी रांग असली की आतल्या माणसाला घड्याळ बघायची गरज उरत नाही.

सरकारचा बाक तर सगळ्यांत लांब. २०२१ च्या जूनअखेर पुण्यात एका चोवीस वर्षांच्या मुलानं आयुष्य संपवलं. तो २०१९ च्या एमपीएससीच्या पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षा पास झाला होता आणि मुलाखतीची वाट बघत होता. करोना होता, आरक्षणाचा खटला होता, सांगण्याजोगी कारणं होती. अशा मृत्यूचं एकच कारण सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. पण ती बातमी वाचून तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले होते, "आजकालच्या मुलांना सहनच होत नाही." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, हेही इथं लिहून ठेवायला हवं.

कारखाना चाकणला गेला. जाण्याआधीचे चार महिने मी भरती वेगळ्या तऱ्हेनं केली. फोनवरच पगाराचा आकडा सांगायला लागले, कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका. वेळ दिली की त्या वेळेला खाली जायचं. उशीर होणार असेल तर स्वतः बाकापाशी जाऊन किती उशीर होईल ते सांगायचं. स्टोअरच्या जागेसाठी आलेल्याला एक चलन, एक बिल आणि माल उतरवल्याची एक पावती द्यायची, "यात चूक कुठं आहे ते वीस मिनिटांत शोधा." नाही म्हणायचं असेल तर तेही मेसेज करून कळवायचं. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार मऊ झालात." मऊ झाले की नाही माहीत नाही. चलनातली चूक न सापडलेल्या दोघांना मी वीस मिनिटांत परत पाठवलं. पूर्वी त्यांना साडेतीन तास बसवून घेतलंही असतं. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणारे अजूनही भेटतात. फक्त आता वाटतं, न कळवता गायब व्हायचं त्यांना कुणी शिकवलं? "कळवू" असं म्हणून न कळवणं आम्हीच आधी सुरू केलं.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या अकाउंट्सच्या मुलीला फोन करावा असं फार वाटलं. नंबर होता. केला नाही. माफी मागून माझं मन हलकं झालं असतं, तिला त्यातून काय मिळणार होतं? भाचीशी मात्र बोलले. ती आता चांगल्या ठिकाणी आहे, स्वतः इंटरव्ह्यू घेते. बाणेरची सगळी हकीगत ऐकून खूप हसली. मग म्हणाली, "मावशी, तू तिथून उठून का नाही आलीस?" मी म्हणाले, "उठवलं नाही गं." ती म्हणाली, "मलाही नव्हतं."

आता मी स्वारगेटजवळ एका लहान ऑफिसात आहे. इथं बाक नाही, दोन खुर्च्या आहेत आणि बाथरूम कुठं आहे ते आल्या आल्या सांगायचं असा मी नियम केला आहे. ज्यांच्या ऑफिसात बाक आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. महिन्यातून एकदा गेटावरचं रजिस्टर मागवा आणि 'आत' आणि 'बाहेर' हे दोन रकाने शेजारी शेजारी वाचा. तुमची परीक्षा तिथं लिहिलेली असते.

बाणेरच्या साहेबांनी "दोन दिवसांत कळवतो" म्हटलं होतं. अजून कळवलेलं नाही. एव्हाना टाइल्स बसल्या असतील.